विश्लेषण : घरात कासव पाळताय? आधी हे समजून घ्या

शोभेच्या माशांच्या दुकानात काचेच्या टाकीत आगपेटीएवढी हिरवी पिल्ले पोहताना दिसतात. मुले हट्ट धरतात, कोणी तरी वास्तूसाठी शुभ म्हणून सुचवते आणि पिल्लू घरी येते. (शुभच हवे असेल, तर पितळेचे कासव पुरेसे आहे.)

कोणते कासव पाळता येते?

एकही देशी कासव नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव आणि आपल्या तळ्या-विहिरींत आढळणारे मऊ पाठीचे कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ती बाळगणाऱ्याला किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘भेट मिळाले’, ‘रस्त्यात सापडले’ ही सबब ठरत नाही.

दुकानात सर्रास विकले जाते ते रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातले. परदेशी असल्याने देशी कासवांची बंदी त्याला लागू होत नाही, म्हणून ते उघडपणे मिळते.

मग अडचण कुठे?

दुकानदार त्याचे वय आणि आकार सांगत नाही. हे पिल्लू वाढून जेवणाच्या ताटाएवढे, २५ ते ३० सेंटिमीटरचे होते आणि नीट सांभाळल्यास २०-३० वर्षे जगते. म्हणजे आज हट्ट करणारा दुसरीतला मुलगा नोकरीला लागेल, तेव्हाही ते घरात असेल. त्याला मोठी टाकी, पाणी गाळणारा फिल्टर आणि अंग शेकायला कोरडी जागा लागते. ऊनही थेट हवे. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात आवश्यक अतिनील किरणे अडतात. ती आणि कॅल्शियम न मिळाल्यास पाठीचे कवच मऊ पडते. नुसत्या सुक्या कोळंबीवर ते धड वाढत नाही. शिवाय, कासवांवर उपचार करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुले पिल्ले तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. तिथे विकता न येणाऱ्या आकाराचीच पिल्ले आपल्याकडे मुलांच्या हातात दिली जातात. घरात पाच वर्षांखालील मूल किंवा गर्भवती असेल, तर कासव आणूच नये.

नकोसे झाले तर?

बहुतेक जण रात्री गुपचूप तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडतात. पुण्य नव्हे, हा देशी कासवांवर अन्याय आहे. जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत स्लायडरचे नाव आहे. ते स्थानिक कासवांचे खाद्य आणि ऊन खाण्याची जागा बळकावते, रोगही पसरवते. केरळ व ईशान्य भारतातील जलाशयांत ते याआधीच पोहोचले आहे.

सांभाळणे शक्य नसेल, तर प्राणी बचाव संस्थेशी बोलावे. घरात देशी कासव असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.