एक प्रश्न, तीन उत्तरं

मुलांनो, आठ जणांचे गुण चढत्या क्रमाने लिहिले : ३२, ४०, ४८, ५५, ६०, ६८, ७५, ८८. रांगेचा पाव भाग जिथे संपतो, ते पहिलं चतुर्थक. ते किती? अकरावी वाणिज्यच्या पुस्तकाच्या रीतीने येतं ४२. कॉम्प्युटरवर एक्सेलचं जुनं, नेहमीचं सूत्र देतं ४६. रांगेचे दोन अर्धे करून खालच्या अर्ध्याचा मध्य काढला, तर ४४! मग चुकलं कोण?

कोणीच नाही! चला, सीएसएमटीहून दादरला स्लो लोकलने जाऊ. सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. स्टेशनं आठ, पण मधले टप्पे सातच. बोटं पाच आणि फटी चार, तसंच. आता पाव घ्यायचा तो कशाचा?

एक्सेल सात टप्प्यांचा पाव घेतं, म्हणजे पावणेदोन टप्पे. पहिल्या स्टेशनापासून तेवढं पुढे गेलं, की आपण ‘पावणेतिसऱ्या’ स्टेशनावर! पुस्तक दोन्ही टोकांपलीकडेही एकेक टप्पा धरतं, कारण सगळ्यांत कमी गुणांच्या खाली आणि जास्तीच्या वरही कुणी असू शकतं. टप्पे झाले नऊ, त्यांचा पाव सव्वादोन. तिसरी रीत अडीचवर थांबते. म्हणजे तिघंही मशीद आणि सँडहर्स्ट रोडच्या मध्येच उतरतात, आणि तिथे स्टेशनच नाही! ४० आणि ४८ मधला फरक ८. त्याचा पाव २, अर्धा ४, पाऊण ६. म्हणून ४२, ४४, ४६.

हाइंडमन आणि फॅन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ साली अशा नऊ रीती मांडल्या. ‘आर’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नऊच्या नऊ आहेत. हजार जणांचे गुण असले, तर शेजारशेजारच्या गुणांत सहसा फारसं अंतर नसतं, म्हणून फरक जाणवतही नाही. आठ जणांत मात्र चांगलाच जाणवतो.

तेव्हा परीक्षेत पुस्तकाचीच रीत वापरा, आणि प्रकल्पात उत्तराशेजारी रीतही लिहा. आईबाबांनो, उत्तर जुळलं नाही, तर ‘चुकलास’ म्हणण्याआधी ‘कसं काढलंस?’ एवढं जरूर विचारा.

आता तुमची पाळी. दादर वगळून परळपर्यंतची सातच स्टेशनं घ्या. पुस्तकाचं चतुर्थक बरोबर एका स्टेशनावर थांबतं. कोणत्या? आणि एक्सेलचं? सोडवा पाहू!