मनोऱ्याचा पाया पहाटे भरा

रेल्वेच्या ‘कवच’ यंत्रणेसाठी मार्गालगत साधारण ४० मीटर उंचीचे रेडिओ मनोरे लागतात. धावते इंजिन आणि स्थानक यांचे बोलणे त्यांच्यावरून होते. लाल सिग्नल ओलांडला जाण्याचा धोका दिसला, तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. मुंबई-हावडा मार्गावरच्या भुसावळसारख्या जंक्शनला हे मनोरे हवेतच. पण ते उभे राहतात तो पाया कोणत्या वेळी आणि कुणाच्या हातून भरला जातो, हेही तितक्याच काळजीने पाहायला हवे.

रावेर-यावलकडे पावसाळ्याच्या तोंडावर वादळ सुटले की केळीच्या बागा आडव्या होतात. तोच वारा मनोऱ्यालाही ढकलतो. वाऱ्याकडच्या बाजूचे पाय उपटले जाऊ लागतात, पलीकडचे जमिनीत दाबले जातात. म्हणजे पायाला मनोऱ्याचे वजन पेलून भागत नाही, त्याला धरूनही ठेवावे लागते. त्यात इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याखालचा पक्का थर गाठावाच लागतो.

खड्डा सगळे नीट खणतात. घोळ होतो तो काँक्रीट ओतताना.

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. दुपारी मिक्सरमधून निघालेला माल बघता बघता घट्ट होतो, घमेल्यातून सुटत नाही, आणि कुणीतरी त्यात बादलीभर पाणी ओततो. माल पातळ होतो, पण ताकद तिथेच गेली. भारतीय मानकांत ४० अंशांवरच्या हवेतल्या काँक्रीटसाठी वेगळी संहिता आहे, ती याचसाठी.

दुसरी गोष्ट व्हायब्रेटरची. सुई सरळ उभी आत सोडायची, खालच्या थरात थोडी शिरू द्यायची. बुडबुडे थांबून वर चकाकी आली की सावकाश वर काढायची. झटक्यात ओढली तर मागे पोकळी राहते. काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली तर जवळपास ३० टक्के ताकद जाते. फाउंडेशन बोल्टांभोवती सळ्यांची दाटी असते, तिथेच खडी अडकते आणि तिथेच सुई नीट पोहोचत नाही. अनेक कामांवर ही सुई सर्वांत नवख्या पोराच्या हाती देतात. हे थांबले पाहिजे. ती चालवणारा माणूस मिस्त्रीइतकाच कुशल हवा आणि त्याला मजुरीही तशीच मिळायला हवी.

पाणी मारण्यातही काटकसर नको. आज बहुतेक सिमेंटमध्ये दीपनगरसारख्या वीज केंद्रांतली राख मिसळलेली असते. असे काँक्रीट सावकाश बळ धरते; उष्ण, कोरड्या हवेत ते १४ दिवस ओले ठेवावे, अशी मानकाची शिफारस आहे. तेव्हा निविदेतच लिहावे: उन्हाळ्यात भरणी पहाटे किंवा रात्री, जागेवर एक जादा व्हायब्रेटर, ओले गोणपाट आणि टँकरची सोय, आणि शेवटचे घमेले पडेपर्यंत अभियंता खड्ड्याच्या काठावर हजर.