मातीत खेळणं आणि 'मड प्ले'

'मातीत खेळणं' ह्या साध्या शब्दांचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपण एकाच तोंडाने वापरतो. कबड्डीपटू किंवा पैलवान म्हणाला, 'मी मातीत खेळलोय', की टाळ्या पडतात. तीन वर्षांची पोर म्हणाली, 'मी मातीत खेळले', की 'शी!' म्हणून तिला उचलून थेट नळाखाली नेतात.

मातीशी आपलं हे असंच आहे. 'ह्या मातीतला माणूस' हे कौतुक, 'पार माती केली' ही शिवी. आमच्या ऑफिसात रिलीजनंतर काही फुटलं की पहिला प्रश्न असतो, 'कोणी माती खाल्ली?' चिखलाचं नशीब त्याहून वाईट. शहरात तो उरलाय 'चिखलफेक' ह्या शब्दात, म्हणजे निवडणुकीच्या बातम्यांत. भाताच्या गावात मात्र 'चिखलणी' हे कसबाचं काम आहे. खाचरात पाणी धरून मुद्दाम चिखल करतात, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही आणि रोप सहज रोवता येतं. गोव्यात माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. मोठी माणसं अंगाला तेल चोपडून देवकीकृष्णाच्या देवळाजवळच्या मैदानात चिखलात लोळतात आणि आपण त्यांचे फोटो लाइक करतो.

मग लहान मुलांनी काय घोडं मारलंय?

भातुकलीतली मातीची भाकरी नीट बघा. पाणी जास्त झालं की ती बसते, कमी पडलं की कडेला चिरते. पोरं न सांगता प्रमाण बदलतात, मोडतात, परत थापतात. आम्ही दिवसभर लॅपटॉपसमोर ह्याहून फार वेगळं करत नाही, फक्त त्याचा पगार मिळतो.

आता हीच भाकरी 'मड किचन' नावाने प्लेस्कूलच्या ब्रोशरमध्ये आली आहे. २९ जूनला आंतरराष्ट्रीय मड डे असतो, त्या दिवशी 'जुने कपडे घालून पाठवा' असा मेसेज येतो. मड म्हटलं की ॲक्टिव्हिटी, चिखल म्हटलं की घाण. माझा राग इंग्रजी शब्दावर नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून माती आधी काढून टाकायची आणि मग तीच फी भरून विकत घ्यायची, ह्यावर आहे. दिवाळीतले किल्लेही पीओपीचे, तयार मिळतात. आमच्या सोसायटीत किल्ला करायचा तर पार्किंगच्या कोपऱ्यात, आणि फरशीवर डाग राहिले तर आईबापांना दंड. पोत्यावर लाल मातीचा राडा थापायचा, हळीव पेरायचे, ते उगवायची वाट बघायची, हे सगळं त्या दंडाच्या भीतीने बंद पडलं.

'जंतू असतात हो,' असं काकू म्हणतात. खरंय, असतात. मातीतून जंत होतात, म्हणून तर सरकार १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतं. त्यावर उपाय आहेत: पायात चप्पल, खेळून आल्यावर साबण, वेळेवर गोळी. उलट बाजूने २०२०चा फिनलंडचा अभ्यास दाखवता येतो. तिथे पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली जमीन आणून अंथरली आणि २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली. पण तिथली माती वेगळी, आपली वेगळी. आणि मला मुळात हा वाद फायद्यातोट्याचा करायचाच नाही. क्रिकेटला कोणी रक्ततपासणीचे रिपोर्ट मागत नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतोय: मागच्या भिंतीलगतचे दहा बाय दहा फुटांचे पेव्हर ब्लॉक काढायचे, तिथे लाल माती टाकायची, बाजूला एक नळ द्यायचा. सेक्रेटरी काका म्हणाले, 'अरे, पावसाळ्यात तिथे नुसता चिखल होईल.' त्यांना म्हटलं, नळ त्यासाठीच मागितलाय, म्हणजे उन्हाळ्यातही होईल.