भाव कळला, पण कोणत्या दिवसाचा?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरच्या शेतकऱ्याने 'आज हिंगणघाटला कापसाचा भाव काय?' असे विचारले, तर व्हॉइस असिस्टंटला उत्तर पाठ नसते. त्यासाठी बनवलेले 'स्किल' प्रश्नातील पीक आणि बाजार ओळखते, इंटरनेटवरून सर्व्हरकडे माहिती मागते आणि आलेला आकडा बोलून दाखवते. केंद्र सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवरून बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे मागवता येतात.

खरी मेख पुढे आहे. अलेक्सावर स्किलला उत्तरासाठी साधारण 8 सेकंद मिळतात. सर्व्हर तेवढ्यात बोलला नाही, तर साठवलेला जुना आकडा पुढे करण्याचा मोह होतो. आजची नोंदच झाली नसेल, तर शेवटचा दर परवाचाही असू शकतो. स्क्रीनवर शेजारी तारीख दिसते. आवाजात ती सांगितली नाही, तर कळतच नाही. त्या आकड्यावर विसंबून गाडी भरली, तर भुर्दंड शेतकऱ्यालाच.

म्हणून भावासोबत तारीख आणि दर किमान, कमाल की सर्वसाधारण, हे सांगणे स्किल बनवणाऱ्यांनी बंधनकारक मानावे. माहिती आली नाही, तर 'आजचा भाव मिळाला नाही' असे सरळ सांगावे. चुकीच्या भावापेक्षा ते बरे.