सहा कळांचा फंडा

सात नंबरची कळ चार वेळा दाबली की कुठे एक 'एस' उमटायचा... तो एसएमएसचा जमाना आठवतो? मग टचस्क्रीन आला आणि आपले अंगठे सुटले सुसाट! पण मंडळी, एक कीबोर्ड असाही आहे, ज्याच्यावर एबीसीडी छापलेलीच नसते. अक्षरांसाठी कळा फक्त सहा. तेवढ्यात इंग्रजी, हिंदी आणि आपली मराठीसुद्धा!

हा असतो पोर्टेबल ब्रेल डिस्प्लेवर. उदाहरणार्थ 'ऑर्बिट रीडर २०'. सहज सॅकमध्ये मावतो. त्याच्यावर २० ब्रेल घरांची एक ओळ. मजकूर बदलला की त्यातल्या पिना वर-खाली होतात आणि बोटं वाचत जातात. ओळ संपली? कडेची पॅनिंगची कळ दाबा, पुढचा तुकडा हजर.

आता टायपिंग. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट, अनामिका म्हणजे ठिपके १, २, ३. उजव्या हाताची तीच बोटं ४, ५, ६. अंगठ्याला स्पेस. गंमत अशी, की एका अक्षराच्या सगळ्या कळा एकदमच दाबायच्या, पेटीवर सूर धरतात तशा. १ आणि ३ म्हणजे 'क'. १, ३, ४ म्हणजे 'म'. आणि 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या नंतर येते, आपण उच्चारतो तशी. आहे की नाही लॉजिकल?

स्पेस सोबत दाबली की त्याच कळा हुकूम सोडतात. आयफोनला ब्लूटूथनं जोडून व्हॉइसओव्हर चालू केलं, की स्पेस आणि ४ म्हणजे पुढे, स्पेस आणि १ म्हणजे मागे. स्पेससोबत 'एच'चे ठिपके १, २, ५ दाबले की थेट होम स्क्रीन. ७ नंबरनं खोडायचं, ८ नंबरनं एंटर. पाठांतराचं टेन्शन नको, रोज दोन-दोन हुकूम पुरे.

तुम्ही म्हणाल, फोन बोलून दाखवतो की, मग एवढा खटाटोप कशाला? बॉस, कानात क्लायंट बोलत असताना आकडे कुठून वाचणार? 'दिन' की 'दीन', हे ऐकून कसं कळणार? आणि स्वतःची सॅलरी स्लिप गुपचूप वाचायची असेल तर?

ऐन तिशीत नजर गेलेल्या माणसाला हे सगळं नव्यानं शिकावं लागतं. कळा तशा लवकर हाताखाली येतात. बोटांनी वाचणं मात्र महिने मागतं. तेवढ्या दिवसांत 'याला आता जमेल का?' असं ऑफिसनं ठरवून टाकलं, तर करिअर तिथंच अडतं. मशीन पैशानं येतं हो, वेळ मात्र टीमलाच द्यावा लागतो.

तेव्हा तुमच्या टीममध्ये असं कुणी असेल, तर तीन गोष्टी करा. अजेंडा आदल्या दिवशी टेक्स्ट फाइलमध्ये पाठवा, फोटो काढून नको. मीटिंगच्या टेबलावर दोन्ही हात ठेवण्याइतकी जागा सोडा. आणि न विचारता त्या मशीनला हात लावू नका. तुमच्या मॉनिटरवर कुणी तळवा ठेवला तर चालेल का तुम्हाला?