न दिसणारे ओझे

दप्तराचे ओझे काट्यावर तोलता येते. मनावरचे ओझे कशावर तोलणार?

दप्तराच्या ओझ्याबद्दल आपल्या देशात पुष्कळ बोलले गेले. प्रसिद्ध लेखक आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य होते, तेव्हा त्यांनी तेथे हा प्रश्न मांडला. पुढे केंद्र सरकारने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने १९९३ साली अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते, असे समितीने सांगितले. हे अगदी खरे आहे. समजलेला धडा हलका वाटतो. न समजता पाठ केलेला धडा मात्र छातीवर दगडासारखा बसतो.

त्यात तुलनेची भर पडते. "चाचांच्या मुलाला नव्वद टक्के मिळाले, तुला का नाही?" असे घरातले सहज बोलून जातात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ते ऐकून कोणाची झोप उडते, कोणाला जेवण जात नाही, तर परीक्षेच्या दिवशी सकाळीच कोणाचे पोट दुखू लागते. हे ढोंग नव्हे. मनातल्या भीतीचा त्रास शरीरालाही होतो.

काही जण म्हणतात, "धाक नसेल, तर मुले अभ्यासच करणार नाहीत." मला हे पटत नाही. मेहनत हवीच. परंतु घाबरलेल्या मुलाला येत असलेले उत्तरही आठवत नाही. मग त्या धाकाचा उपयोग काय?

परीक्षेला तुम्ही इम्तिहान म्हणता. आपल्याला एखादा विषय किती येतो, एवढेच ती सांगते. आपण माणूस म्हणून कसे आहोत, हे ती सांगत नाही.

म्हणून वर्गात समजले नाही, तर हात वर करा. मराठी बोलताना चूक झाली आणि कोणी हसले, तरी बोलणे सोडू नका. निकालाच्या दिवशी मित्राला गुण विचारण्याआधी "कसा आहेस?" असे विचारा. मन फार जड झाले, तर गप्प बसू नका. अम्मी-अब्बांना किंवा शिक्षकांना सांगा. त्यांच्याशी बोलता येत नसेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. मुलांसाठीची ही सेवा रात्रंदिवस चालू असते आणि तिला पैसे पडत नाहीत.

दहावीत एखादा विषय राहिला, तर पुरवणी परीक्षा देता येते. तुमच्या घरी मात्र तुमच्यासारखे दुसरे कोणी नाही. हे कधीही विसरू नका.