संगणकांतील रिकामी खांच

यंत्र विकत घेतांना तें किती परिपूर्ण आहे, एवढेंच बहुधा पाहिलें जातें. त्यांत पुढें भर घालण्यास जागा किती ठेविली आहे, हेंही पाहिलें पाहिजे, असें आमचें मत आहे. आरंभींच्या वैयक्तिक संगणकांचा इतिहास याची साक्ष देतो. त्यांच्या मदरबोर्डवर लांबट खांचा असत व त्यांत निरनिराळ्या कामांचीं कार्डें बसवितां येत.

इ. स. १९७७ मध्यें ॲपल-दोन हा संगणक निघाला. स्टीव्ह जॉब्स यांस त्यांत दोनच खांचा पुरेशा वाटत होत्या. एक प्रिंटरसाठीं व दुसरी मोडेमसाठीं. स्टीव्ह वॉझ्निॲक यांनीं आठांचा आग्रह धरिला व तो तडीस नेला. पुढें १९८० मध्यें मायक्रोसॉफ्टनें त्या खांचेंत बसणारें एक कार्ड काढिलें. त्यावर झेड-८० हा दुसरा प्रोसेसरच होता. त्यायोगें मूळ यंत्रास न चालणारे सीपी-एम प्रणालीचे प्रोग्रॅम त्यावर चालूं लागले. आयबीएमनें तर १९८१ च्या आपल्या संगणकांत पांच खांचा ठेवून त्यांचा तपशीलही छापून प्रसिद्ध केला. त्यामुळें परक्यांसही कार्डें बनवितां आलीं.

याचें मोल आम्हां मराठी जनांस विशेष आहे. त्या संगणकांत देवनागरीची सोय नव्हती. कानपूरच्या आयआयटींत जिचा उगम झाला, ती जिस्ट विद्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें पुढें नेली. तिचें कार्ड खांचेंत बसविलें म्हणजे पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटत. मूळ कर्त्यांनीं मराठीचा विचार केला नव्हता. परंतु जागा मोकळी ठेविली होती, तेवढेंच पुरें झालें.

कोणी म्हणेल कीं, या कार्डांचा त्रासही थोडा नव्हता. तें खरें आहे. दोन कार्डांनीं एकच इंटरप्ट-क्रमांक मागितला तर यंत्र अडून बसे, आणि बारीक जंपर काढण्याघालण्यांत वेळ जाई. बंद यंत्र सुटसुटीत असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याची मेमरी वाढवितां येत नाहीं, तें यंत्र गरज वाढतांच निरुपयोगी ठरतें. आणि ज्या शाळेस एकच संच अनेक वर्षें चालवावयाचा आहे, तिला हें परवडणारें नाहीं.

म्हणून शाळांच्या चालकांस आमची विनंति आहे कीं, संगणक घेतांना तो उघडतां येतो काय व त्यांत भर घालतां येते काय, हें किंमतीआधीं विचारावें. विद्यार्थ्यांनींही एखादा जुना संगणक शिक्षकांसमक्ष उघडून त्या खांचा एकदां अवश्य पाहाव्यात.